नेपथ्यरचनेची प्रक्रिया आणि तिचे अध्यापन : 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाच्या आधारे एक विवेचन

बीजसंज्ञा : नेपथ्य, संहिता, तलआराखडा, दृष्टिरेषा, प्रतिकृती, महाविद्यालयीन रंगभूमी.

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत एकांकिका स्पर्धा, स्नेहसंमेलन व युवक महोत्सव यांच्या निमित्ताने दरवर्षी मोठ्या प्रमाणावर नाट्यप्रयोग होत असतात. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांनी विद्यार्थी रंगकर्मींच्या अनेक पिढ्या घडविल्या. या उपक्रमांत अभिनय आणि दिग्दर्शन यांचा विचार बारकाईने केला जातो. मात्र नेपथ्य हा घटक बहुतेक ठिकाणी खर्चाच्या यादीतील एक बाब म्हणून उरतो. तालमी पूर्ण होत आल्यावर मंडपवाल्याकडून फ्लॅट, एक सोफा आणि दोन खुर्च्या आणल्या जातात आणि त्यांच्या मांडणीला 'नेपथ्य' असे नाव मिळते. अशा वेळी विद्यार्थ्यांना वस्तू हाताळायला मिळतात, परंतु निर्णय घ्यायला मिळत नाहीत.

नेपथ्यरचना ही सजावट नसून संहितेच्या वाचनाची एक पद्धती आहे आणि म्हणून ती शिकविता येते, ही प्रस्तुत लेखाची मूळ भूमिका आहे. ती स्पष्ट करण्यासाठी प्रथम नेपथ्य या संज्ञेची व्याप्ती पाहून, नंतर विजय तेंडुलकर यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकाच्या आधारे नेपथ्यरचनेच्या पायऱ्या क्रमाने मांडल्या आहेत. हे नाटक अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत उपलब्ध असते, एकाच स्थळी घडते आणि अल्प खर्चात उभे राहू शकते, म्हणून त्याची निवड केली आहे. शेवटी भाषा विभागाच्या अध्यापकाला ही प्रक्रिया कशी राबविता येईल याचा विचार केला आहे.

नेपथ्य : संज्ञा आणि पूर्वपीठिका

संस्कृत नाट्यपरंपरेत 'नेपथ्य' या शब्दाने नटांची वेशभूषा, तसेच रंगपीठामागील वेशगृह यांचा बोध होत असे. संस्कृत नाटकांतील 'नेपथ्ये' ही सूचना पडद्यामागून येणाऱ्या आवाजासाठी असते. भरताच्या नाट्यशास्त्रात दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडपाचे विकृष्ट, चतुरस्र व त्र्यस्र असे प्रकार सांगितले असून मध्यम विकृष्ट मंडपाचे माप ६४ हस्त लांब आणि ३२ हस्त रुंद असे दिले आहे. त्यातील निम्मा भाग प्रेक्षकांसाठी आणि उरलेला रंगपीठ, रंगशीर्ष व नेपथ्यगृह यांसाठी असतो. स्थळबदल दाखविण्यासाठी भरताने कक्ष्याविभागाचा संकेत सांगितला आहे. नट रंगपीठावर परिक्रमा करतो आणि प्रेक्षक स्थळ बदलल्याचे मान्य करतात. याचा अर्थ असा की, स्थळाची निर्मिती वस्तूंनीच होते असे नाही. ती नटाची हालचाल आणि प्रेक्षकाची कल्पना यांच्या संयोगातूनही होते.

मराठी रंगभूमीचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. १८४३ मध्ये सांगली येथे विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, त्या काळच्या खेळांत सूत्रधाराचे निवेदन व गायन स्थळकाळाची जाणीव देत असे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'पासून संगीत नाटकाचा काळ सुरू झाला. पुढे नाटक मंडळ्यांच्या रंगमंचावर राजवाडा, बाग, रस्ता, अरण्य असे रंगविलेले पडदे रूढ झाले. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगमंचावर आणले आणि वास्तववादी दिवाणखान्याला मराठी रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळाली. १९६२ मधील आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' या नाटकात फिरत्या रंगमंचाचा वापर झाल्याने न्यायालय व पूर्वघटना यांत झटपट ये-जा करता आली. १९७२ मधील 'घाशीराम कोतवाल'मध्ये तर नटांची रांग हीच भिंत झाली आणि त्या मानवी भिंतीने स्थळ, समूह व सत्ता या तिन्हींचा अर्थ वाहिला. द. ग. गोडसे, दामू केंकरे, मोहन वाघ, रघुवीर तळाशीलकर, प्रदीप मुळ्ये या नेपथ्यकारांच्या कामामुळे नेपथ्याकडे स्वतंत्र कला म्हणून पाहण्याची दृष्टी विकसित होत गेली.

युरोपमध्ये अॅडॉल्फ आपिया (१८६२-१९२८) आणि एडवर्ड गॉर्डन क्रेग (१८७२-१९६६) यांनी रंगविलेल्या सपाट पडद्याला आव्हान दिले. नटाचे शरीर त्रिमितीय असते. त्याच्यामागे सपाट चित्र ठेवले तर दोघांत विसंगती निर्माण होते, असा आपियाचा मुख्य आक्षेप होता. त्याने पायऱ्या, पातळ्या आणि प्रकाश यांना महत्त्व दिले. भारतात इब्राहिम अल्काझी यांनी १९६३ मध्ये धर्मवीर भारती यांचे 'अंधायुग' दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याच्या अवशेषांत सादर करून प्रयोगासाठी स्थळ निवडणे हाही नेपथ्याचाच निर्णय असतो हे दाखवून दिले.

या पूर्वपीठिकेवरून नेपथ्याची पुढीलप्रमाणे कामचलाऊ व्याख्या करता येईल : संहितेतील कृती घडण्यासाठी आणि तिचा अर्थ प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्यासाठी रंगमंचीय अवकाशाची केलेली हेतुपूर्वक रचना म्हणजे नेपथ्य होय.

नेपथ्यरचनेच्या पायऱ्या

१. संहितेचे वाचन

पहिले वाचन वाचक म्हणून करावे. त्या वेळी हाती पेन्सिल असू नये. दुसऱ्या वाचनात चार याद्या कराव्यात : स्थळ व काळ, येण्याजाण्याच्या वाटा, हाताळल्या जाणाऱ्या वस्तू आणि संवादांत उल्लेखिलेल्या परंतु न दिसणाऱ्या जागा. तिसऱ्या वाचनात प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न लिहावा : ही गोष्ट काढून टाकली तर नाटकातील कोणती कृती अशक्य होईल?

'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये एका हौशी नाट्यसंस्थेची माणसे अभिरूप न्यायालयाच्या प्रयोगासाठी एका गावातील सभागृहात येतात. वेळ घालविण्यासाठी खेळ म्हणून खटला सुरू होतो आणि आरोपी म्हणून उभी केलेली लीला बेणारे खरोखरीच त्या खेळात सापडते. तेंडुलकरांच्या रंगसूचनेत सभागृहाचे तपशील नेमके आहेत : बाहेरचे दार, शेजारच्या खोलीकडे नेणारे दुसरे दार, जुन्या खुर्च्या, खोकी, स्टूल, बंद पडलेले घड्याळ, राष्ट्रीय नेत्यांच्या तसबिरी, देणगीदारांच्या नावांचा फलक आणि गणपतीचे चित्र.

विद्यार्थ्यांच्या पहिल्या यादीत या सर्व वस्तू समान पातळीवर येतात. प्रश्न विचारला की त्यांची वर्गवारी होते. घड्याळ काढले तरी कृती थांबत नाही. मात्र या जागेत काळ साचलेला आहे, हा अर्थ कमी होतो. स्टूल आणि खुर्च्या काढल्या तर न्यायालयच उभे राहू शकत नाही, कारण याच अडगळीतून न्यायाधीशाचे आसन आणि आरोपीचा पिंजरा तयार होतो. बाहेरच्या दाराची कडी काढली, तर नाटकाचा कणाच निघून जातो. प्रारंभी याच कडीमुळे बेणारेच्या बोटाला इजा होते. कडी नीट सरकवली नाही तर दार बाहेरून लागते, हे सामंत सांगतो. आणि पुढे बेणारे निघून जाऊ पाहते तेव्हा दार बाहेरून लागलेले असते. एका किरकोळ गैरसोयीचे रूपांतर कोंडीत होते. अशा प्रकारे वस्तूंचे 'कृतीसाठी आवश्यक', 'अर्थासाठी आवश्यक' आणि 'केवळ वातावरणासाठी' असे तीन गट पडतात. खर्च कमी करावा लागला तर कपात तिसऱ्या गटापासून सुरू करावी, हे तत्त्व येथेच निश्चित होते.

२. दिग्दर्शकाशी चर्चा व मध्यवर्ती विधान

नेपथ्यकाराने याद्या घेऊन दिग्दर्शकाशी चर्चा करावी आणि चर्चेअंती एका वाक्यात मध्यवर्ती विधान लिहावे. प्रस्तुत नाटकासाठी ते असे असू शकेल : 'ही सर्वांसाठी बांधलेली सार्वजनिक जागा हळूहळू एकाच व्यक्तीसाठी तुरुंग होते.' हे विधान पुढील प्रत्येक निर्णयाची कसोटी ठरते. भिंतीला कोणता रंग द्यावा याचे उत्तर 'मला आवडतो तो' असे न राहता 'सार्वजनिक सभागृहाला शोभेल तो' असे होते. पहिल्याच अंकात गजांची सावली पाडावी असे एखाद्या विद्यार्थ्याने सुचविले, तर ती कल्पना आकर्षक असूनही नाकारावी लागते. कारण जागा प्रारंभी निरुपद्रवी वाटली नाही, तर तिचे तुरुंगात होणारे रूपांतर प्रेक्षकाला जाणवणार नाही.

याच टप्प्यावर निरीक्षणाचे काम द्यावे. गावातील समाजमंदिर, वाचनालयाचे सभागृह, जुनी शाळा येथे जाऊन विद्यार्थ्यांनी मापे घ्यावीत, तसबिरी किती उंचीवर टांगल्या आहेत ते पाहावे, भिंतीचा रंग कोठे उडाला आहे याची नोंद करावी. माणसे टेकून बसतात तेथे भिंत मळलेली असते, विजेच्या बटनाभोवती बोटांचे डाग असतात. असे तपशील स्मरणातून येत नाहीत. ते पाहूनच मिळतात.

३. तलआराखडा

यानंतर प्रयोगाच्या रंगमंचाची प्रत्यक्ष मापे घ्यावीत : दर्शनी कमानीची रुंदी व उंची, खोली, विंगांमागील जागा, पडद्याची रेषा आणि पहिल्या रांगेतील टोकाच्या आसनांचे अंतर. त्यावरून अर्धा इंच म्हणजे एक फूट या प्रमाणात आलेखकागदावर तलआराखडा काढावा.

एक उदाहरण घेऊ. कमानीची रुंदी २८ फूट आहे आणि फ्लॅट ४ फूट रुंद व ८ फूट उंच आहेत, असे समजू. हे माप सोयीचे असते, कारण बाजारात प्लायवूडची शीट ८ फूट बाय ४ फूट मापाची मिळते. मागची भिंत ४ फ्लॅटची, म्हणजे १६ फूट, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती प्रत्येकी ३ फ्लॅटच्या, म्हणजे १२ फूट, घेतल्या तर एकूण १० फ्लॅट लागतात व त्यांपैकी दोन दारांचे असतात. २८ आणि १६ यांतील १२ फुटांचा फरक दोन बाजूंत विभागला जातो, म्हणजे प्रत्येक बाजूची भिंत मागे जाताना ६ फूट आत येते. अशा भिंतीने मिळणारी खोली सुमारे साडेदहा फूट आणि क्षेत्रफळ सुमारे २३० चौरस फूट भरते. नाटकातील आठ प्रमुख पात्रे, खुर्च्या, टेबल आणि आरोपीचा पिंजरा एवढ्या जागेत मावतील का, हा प्रश्न आता अंदाजाचा राहत नाही. विद्यार्थ्यांनी वर्गातील बाके बाजूला सारून खडूने हाच आराखडा पूर्ण आकारात जमिनीवर काढावा आणि त्यात आठ जणांना उभे करावे. गर्दी जाणवली तर ती या नाटकाला उपकारक आहे की अडचणीची, याची चर्चा करावी.

४. दृष्टिरेषा

बाजूच्या भिंती तिरप्या का ठेवाव्यात, हे दृष्टिरेषेवरून समजते. एखादा प्रेक्षक कमानीच्या रेषेपासून १५ फूट पुढे आणि कमानीच्या उजव्या कडेपासून ५ फूट बाहेर बसला आहे असे मानू. त्याची नजर कडेला स्पर्शून आत जाते, तेव्हा दर ३ फूट खोलीला १ फूट आत सरकते. साडेदहा फूट खोलीवर उजव्या बाजूचा साडेतीन फुटांचा पट्टा त्याला दिसत नाही. भिंत सरळ काटकोनात उभी केली, तर ती आणि तिच्यातील दार या प्रेक्षकाला पूर्णतः अदृश्य होईल. आपल्या आराखड्यात तीच भिंत ६ फूट आत येत असल्यामुळे ती दिसू शकते.

आता बाहेरचे दार कोठे ठेवावे हे ठरविता येते. मागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवले तर दार सर्वांना दिसेल, परंतु कडी उघडू पाहणाऱ्या बेणारेची पाठ प्रेक्षकांकडे होईल. बाजूच्या भिंतीत अगदी पुढे ठेवले तर त्या बाजूच्या प्रेक्षकांना ती जेमतेम दिसेल. तिरप्या भिंतीच्या मागील टोकाचा फ्लॅट हा यांतील मध्यममार्ग ठरतो : दार दिसते, नटीचा चेहरा कोनातून दिसतो आणि दारापर्यंत पोहोचण्यासाठी तिला इतरांना ओलांडून जावे लागते. भूमितीतील एका रेषेने नाटकातील एका क्षणाचे भवितव्य ठरते, हे विद्यार्थ्यांना येथे प्रत्यक्ष दिसते.

५. प्रतिकृती

आराखडा मान्य झाल्यावर त्याच प्रमाणात पुठ्ठ्याची प्रतिकृती करावी. २८ फुटांची कमान १४ इंचांची, ८ फुटांचा फ्लॅट ४ इंचांचा आणि साडेपाच फूट उंचीची व्यक्ती पावणेतीन इंचांची होते. माणसाची आकृती प्रतिकृतीत असलीच पाहिजे. तिच्याशिवाय प्रमाणाचा अंदाज येत नाही. मोबाइलच्या बॅटरीचा प्रकाश वेगवेगळ्या दिशांनी टाकून सावल्या पाहाव्यात. संगणकावरील त्रिमितीय आराखडे आज सहज उपलब्ध आहेत आणि त्यांचा उपयोग करण्यास हरकत नाही. तथापि पुठ्ठा कापताना जोड कोठे येणार, आधार कोठे लागणार हे प्रश्न हातांना पडतात, आणि प्रारंभिक शिक्षणात त्यांचे मोल अधिक आहे.

६. उभारणी, प्रयोग आणि विसर्जन

लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून केलेला फ्लॅट हलका आणि स्वस्त असतो. प्लायवूडचा अधिक मजबूत, पण जड. बहुतेक भिंतीसाठी कापडी फ्लॅट चालतील. बाहेरच्या दाराचा फ्लॅट मात्र मजबूत हवा. बेणारे दार हलवू लागल्यावर संपूर्ण भिंत थरथरली, तर प्रेक्षक हसतील आणि नाटकातील सर्वांत गंभीर क्षण वाया जाईल. म्हणून या फ्लॅटला मागून तिरपे टेकू द्यावेत आणि त्यांच्या पायांवर वाळूची पोती ठेवावीत. कडी खरी, लोखंडी असावी. तिचा आवाज हा नेपथ्याचाच भाग आहे.

एकांकिका स्पर्धांत नेपथ्य लावण्यास व काढण्यास मोजकाच वेळ मिळतो. त्यासाठी प्रत्येक फ्लॅटच्या मागे क्रमांक घालावा, कोणी काय उचलायचे हे लिहून ठेवावे आणि लावण्या-काढण्याचीही घड्याळ लावून तालीम घ्यावी. तापलेल्या दिव्यांपासून कापड दूर ठेवणे, उघडे खिळे ठोकून टाकणे, वायरी पायात येणार नाहीत असे पाहणे, येण्याजाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे या बाबी मार्गदर्शक अध्यापकाने स्वतः तपासाव्यात. प्रयोगानंतर फ्लॅट फेकून न देता पुन्हा रंगवून वापरता येतील अशा रीतीने ठेवावेत. तीन-चार वर्षांत महाविद्यालयाचा स्वतःचा संच तयार होतो.

अध्यापनाच्या दृष्टीने विचार

पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांत नाट्यशिक्षणाचे स्वतंत्र विभाग आहेत. सर्वसाधारण महाविद्यालयांत तशी सोय नसते. परंतु राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात सह-अभ्यासक्रमीय उपक्रमांना श्रेयांक देण्याची तरतूद असून त्यांत सादरीकरणात्मक कलांचा समावेश होतो. नाट्यमंडळाच्या कामाला अध्ययनाचे स्वरूप देण्याची ही संधी आहे. मात्र श्रेयांक द्यावयाचे तर मूल्यमापन केवळ प्रयोगाला मिळालेल्या पारितोषिकावरून होऊ नये. वाचनवही, मध्यवर्ती विधान, तलआराखडा, प्रतिकृती, उभारणीतील सहभाग आणि प्रयोगोत्तर टिपण अशा सहा बाबींना स्वतंत्र गुण द्यावेत. प्रयोगोत्तर टिपणात कोणता निर्णय यशस्वी ठरला, कोणता नाही आणि का, हे विद्यार्थ्याने लिहावे.

या संदर्भात तीन बाबींकडे अध्यापकांचे लक्ष वेधावेसे वाटते. पहिली बाब श्रमविभागणीची. हातोडी मुलांकडे आणि वेशभूषा मुलींकडे, अशी वाटणी नकळत होते. गट पाडताना प्रत्येक विद्यार्थ्याने आराखडाही काढला पाहिजे आणि फ्लॅटही उचलला पाहिजे, असा नियम असावा. दुसरी बाब कौशल्याच्या प्रतिष्ठेची. सुतारकाम, रंगकाम, शिवणकाम ज्यांच्या घरी चालते असे विद्यार्थी आपल्या वर्गांत असतात. वाङ्मयाच्या तासाला गप्प बसणारा विद्यार्थी चौकटीचा काटकोन कसा साधावा हे सर्वांना शिकवू लागतो, तेव्हा वर्गातील ज्ञानाची उतरंड बदलते. या विद्यार्थ्यांना 'मदतनीस' न मानता नेपथ्यकार म्हणून श्रेयनामावलीत स्थान मिळाले पाहिजे.

तिसरी बाब साधनांच्या अभावाची. अनेक ग्रामीण महाविद्यालयांत कमानी रंगमंचच नसतो. प्रयोग पटांगणात किंवा वर्गात होतो. अशा ठिकाणी फ्लॅट उभारण्याचा अट्टहास न करता कक्ष्याविभाग आणि 'घाशीराम'ची मानवी भिंत यांचे स्मरण ठेवावे. प्रस्तुत नाटक वर्गात करावयाचे झाल्यास वर्गाचेच दार आणि त्याचीच कडी वापरता येईल. प्रेक्षक त्याच बंद खोलीत बसलेले असतील आणि तेही खटल्याचे साक्षीदार ठरतील. खर्च जवळजवळ शून्यावर येईल; पहिल्या तीन वाचनांना मात्र पर्याय राहणार नाही.

समारोप

नेपथ्यरचनेची प्रक्रिया संहितेच्या वाचनापासून सुरू होते, मध्यवर्ती विधानात तिला दिशा मिळते, आराखडा व दृष्टिरेषा यांत ती मोजमापाला उतरते, प्रतिकृतीत तपासली जाते आणि उभारणीत सिद्ध होते. या क्रमातील कोणतीही पायरी केवळ तांत्रिक नाही. कडीचे स्थान ठरविणारा विद्यार्थी बेणारेच्या कोंडीविषयी जे समजून घेतो, ते परीक्षेतील 'व्यक्तिरेखा स्पष्ट करा' या प्रश्नाच्या पाठ केलेल्या उत्तरातून समजण्याची शक्यता कमी असते. कारण येथे त्याच्या आकलनाची परीक्षा उत्तरपत्रिकेत न होता प्रत्यक्ष प्रयोगात, प्रेक्षकांसमोर होते. भाषा आणि वाङ्मयाच्या अध्यापकांनी नेपथ्याकडे खर्चाची बाब म्हणून न पाहता वाचनाचे साधन म्हणून पाहिले, तर येत्या वर्षीचे बीजक मंडपवाल्याकडे जाण्यापूर्वी संहिता आणि आलेखकागद विद्यार्थ्यांच्या हाती पडेल. तेवढा बदलही पुरेसा महत्त्वाचा ठरेल, असे वाटते.